वेशीबाहेरचं कस्टमर केअर

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही हो. अंगणात झाडांचा पातेरा कसा साठतो? सकाळी झाडून काढावा, तर संध्याकाळी परत आहेच! आमच्या ऑफिसचं तसंच. दिवसभर कानाला हेडफोन लावून अख्ख्या महाराष्ट्राचे बिघडलेले मिक्सर, पंखे आणि गिझर ऐकायचे म्हटल्यावर दुसरं काय साठणार? पगार तर साठत नाही.

मी सुनंदा. ऑफिसात मला सगळे वैनी म्हणतात, पुण्याचे सरसुद्धा. हुद्दा टीम लीडरचा. तोंड फटकळ आहे, हे दुसरं कोणी सांगायच्या आधी मीच सांगून टाकते. आमचं ऑफिस कोकणात, आचऱ्यात, बंद पडलेल्या भातगिरणीच्या माडीवर. कंपनी पुण्याची. घरातल्या वस्तू बिघडल्या की लोक फोन करतात, तो आमच्याकडे वाजतो. आम्ही दहा-बारा जण, त्यात बायका जास्त.

पुण्याहून निखिल सर आमचं काम बघतात. वय लहान, माणूस वाईट नाही. पण ऑफिस उघडल्यापासून त्यांचं एकच पालुपद, "वैनी, तुम्ही सगळे पुण्याला शिफ्ट का होत नाही?"

आणि माझं एकच उत्तर, "सर, फोनला काय फरक पडतो?"

*

आमच्यातले सगळ्यात सीनियर म्हणजे दाजी. एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झाले. जन्मभर स्टँडवरच्या माइकवर गाड्या पुकारल्या. आवाज असा की पलीकडच्या वाडीतली गुरं माना वर करतात. कंपनीला "चांगला आवाज" हवा होता, म्हणून त्यांना घेतलं.

पहिलाच कॉल नाशिकच्या एका बाईंचा. मिक्सरमधून धूर येत होता. दाजींनी हेडफोनचा माइक तोंडासमोर ओढला, घसा खाकरला आणि सुरू!

"इकडे लक्ष द्या! नाशिकच्या बाईंनी मिक्सरचे बटण ताबडतोब बंद करावे! आपला मेकॅनिक लवकरच निघत असून तो थेट आपल्या दारात लागेल! तरी बाईंनी जागा सोडून जाऊ नये!"

बाई हसत सुटल्या. पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळ्या झाल्या. पण पुण्यात रेकॉर्डिंग ऐकून निखिल सरांना घाम फुटला. लगेच फोन.

"दाजी, ग्राहकाशी बोलताना आवाजात मार्दव पाहिजे."

दाजी शांतपणे म्हणाले, "सर, उभा जन्म मी लोकांक गाडी लेट आसा म्हणून सांगत इलंय. एकानसुद्धा माका मारूक नाय! ह्या मार्दव न्हय तर काय?"

*

मग पुण्याहून हजेरीचं ॲप आलं. सकाळी ऑफिसात यायचं, मोबाइलसमोर तोंड धरायचं, ॲपने ओळखलं की हजेरी. ऑफिसच्या बाहेरून तोंड दाखवलं तर चालत नाही. आत माडीवर चढूनच दाखवायचं.

दाजी जत्रांच्या दिवसात दशावतारी नाटकात काम करतात. त्या वर्षी नाटक कंपनीत स्त्रीपार्ट करणारा आजारी पडला, म्हणून राणीचं काम दाजींच्या गळ्यात पडलं. नाटक पहाटे संपतं. दाजी बिचारे तोंडावरचा रंग अर्धामुर्धा पुसून तसेच ड्यूटीवर आले. कपाळावर हे एवढं कुंकू, डोळ्यात काजळ. मोबाइलसमोर तोंड धरलं. ॲप म्हणालं, धन्यवाद!

थोड्या वेळाने मी आले. तोंड दाखवलं, तर ॲप म्हणतं, "सुनंदा, आपली हजेरी आधीच लागली आहे."

माझी हजेरी लावली कोणी? शोधता शोधता कळलं. त्या मेल्या ॲपने दाजींना सुनंदा म्हणून घेतलं होतं! मी टीम लीडर, मी हजर, आणि दाजी गैरहजर.

मी भडकले. "शिरा पडो त्या ॲपाच्या तोंडावर! ह्या माणसाचं तोंड माझ्यासारखं दिसतं?"

दाजी आरशात बघत कापसाने गाल पुसत होते. म्हणाले, "वैनी, मशीनीक कित्या गाळी घालतस? तुझोच मेकप कमी पडता."

*

आता प्रणालीचं सांगते. प्रणाली मुंबईत मोठ्या कॉल सेंटरला होती, चांगली नोकरी. आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती सगळं सोडून गावी आली. घरात दुसरं कोणी नाही. वर्षभर आईचं करत बसून होती. आमचं ऑफिस उघडलं तेव्हा पहिला अर्ज तिचा. दुपारच्या सुट्टीत सायकल मारत घरी जाते, आईला भरवते, परत येते. ह्या पोरीसाठी तरी ऑफिस चालू राहू दे, असं मी मनात नेहमी म्हणते. तोंडाने म्हणत नाही. शेफारतात.

पावसाळ्यात एकदा ऑफिसची वीज आठवडाभर गेली. सरांनी हुकूम काढला, वर्क फ्रॉम होम! म्हणायला काय जातं? घरात नेटवर्क हवं ना. प्रणालीला ते मिळालं सड्यावर, कातळाच्या माळावर. तिथून खाली माड, माडांच्या पलीकडे समुद्र. पाऊस उघडला होता. पोरगी काजूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली. आईजवळ शेजारच्या काकी.

सकाळी व्हिडिओ मीटिंग. निखिल सर म्हणाले, "प्रणाली, ते मागचं व्हर्च्युअल बॅकग्राउंड काढा. ऑफिसच्या मीटिंगला समुद्र वगैरे बरं दिसत नाही."

"सर, निघत नाही."

"सेटिंगमध्ये जा, निघेल."

"सर, समुद्र आहे तो. खरा."

"प्रणाली, मस्करी नको."

एवढ्यात मागून एक म्हैस आली, हळूहळू चालत प्रणालीच्या डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत गेली, थांबली, आणि कॅमेऱ्याकडे बघून रवंथ करायला लागली.

सर हळूच म्हणाले, "हे कुठून डाउनलोड केलंत? मला लिंक पाठवा."

*

आता हसू जरा आवरा. कारण पुढचा फोन आला तो बॉटचा.

म्हणजे बॉटने केला नाही, बॉटबद्दल आला. पुण्यातल्या मोठ्या साहेबांनी ठरवलं की आता पहिला फोन मशीन उचलणार. त्याला जमलं नाही तरच माणसाकडे देणार. आणि ह्या मशीनला बोलायला शिकवायचं कशावरून? तर आमच्याच रेकॉर्डिंगवरून! आमचेच कॉल ऐकून ते शिकणार आणि आमचंच काम करणार.

"मग आम्ही काय करायचं?" मी विचारलं.

निखिल सर अडखळले. "वैनी, माणसं कमी लागतील. जी लागतील ती पुण्यात. ज्यांना यायचंय त्यांना कंपनी घेईल. आचऱ्याचं ऑफिस बहुतेक बंद होईल. अजून फायनल नाही. पुढचे दोन-तीन महिने तुमचे कॉल कसे जातात ते साहेब बघणार आहेत."

प्रणाली बाथरूममध्ये जाऊन रडून आली. दाजींनी पान लावलं आणि खायचं विसरले. मला रडू नाही आलं. मला राग आला. एवढा राग आला की हातातला चहा थंड झाला तरी कळलं नाही. ज्या पोरी मुंबईला जाऊन परत आल्या त्यांनी आता पुण्याला जायचं? आणि घरी जे खाटेवर पडलेत त्यांनी कुठे शिफ्ट व्हायचं?

मी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "रडायचं ते घरी. इथे एकही कॉल सुटता कामा नये. कॉल सुटला की त्यांना कारण मिळालं. आपण त्यांना कारण द्यायचं नाही. ऑफिस इथून हलणार नाही म्हणजे नाही!"

*

बॉट शिकला हो. चांगला शिकला. महिन्याभरात कामाला लागला. आणि मग एका सकाळी निखिल सरांचा फोन, आवाज चढलेला.

"वैनी, हा काय प्रकार आहे? बॉट कस्टमरला पहिला प्रश्न काय विचारतोय माहितीय? जेवलात काय!"

आता आमच्याकडे फोन उचलला की कोणीही हेच विचारतं. त्यात काय एवढं? पलीकडचा माणूस पंखा बिघडला म्हणून तापलेला असतो. जेवलात काय विचारलं की जरा निवतो. आमच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तेच, म्हणून मशीनला वाटलं, कस्टमर केअरची सुरुवात अशीच असते.

"लातूरच्या एका आजोबांना बॉटने विचारलं, आजी बऱ्या आहेत ना? ते पाऊण तास बॉटशी बोलत बसले!"

"मग तक्रार केली का त्यांनी?"

"तक्रार नाही. पाच स्टार दिलेत," सर चिडूनच म्हणाले. "पण इंजिनियर लोकांनी ते काढायचा प्रयत्न केला तर निघत नाहीये! तुम्ही त्या बॉटला शिकवलंत तरी काय?"

दाजी पलीकडून ओरडले, "वळण!"

*

आणि नेमकी त्याच सुमाराला आमची गावपळण आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल होतो, आणि मग अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं. जात नाही, धर्म नाही, सगळेच निघतात. तीन दिवस, तीन रात्री बाहेर झोपड्या बांधून राहायचं. गावात चिटपाखरू राहता कामा नये. मग पुन्हा कौल झाला की परत.

मी सरांना फोन केला. "सर, गाव पळतोय."

"कुठे?"

"वेशीबाहेर."

"का?"

"देवाचा हुकूम."

सर अगदी थंड आवाजात म्हणाले, "वैनी, संप करायचा असेल तर सरळ संप म्हणा ना. मी समजू शकतो."

मी पुन्हा समजावलं. म्हटलं, आम्हाला सुट्टी नको, फक्त ॲपमधली ऑफिसची जागा तीन दिवस बदलून द्या, आम्ही झोपडीतून काम करतो. तर म्हणे वीज गेल्याचं कारण सिस्टीममध्ये आहे, गाव पळाल्याचं नाही. सगळे गैरहजर लागाल.

"लागू दे!" मी म्हटलं. "आम्ही गैरहजर, पण कॉल हजर असतील!" आणि फोन ठेवला.

वेशीबाहेर, नेटवर्क मिळतं अशा काजूच्या बागेत झावळ्यांची झोपडी उभी केली. मंडपवाल्याचा जनरेटर आणला. भाताची पोती एकावर एक रचून त्यावर लॅपटॉप. एका बाजूला चूल, एका बाजूला प्रणालीची आई खाटेवर. आणि कस्टमर केअर सुरू! जनरेटर बंद पडला की पोरं दोरी ओढून चालू करायची. आम्ही पाण्यालासुद्धा आळीपाळीने उठलो, पण कॉल सोडला नाही.

सोलापूरच्या एका ताईंनी प्रणालीला विचारलं, "मागे कोंबडा आरवतोय का हो?"

प्रणाली म्हणाली, "हो ताई. आमचे सुपरवायझर आहेत. लंच टाइम संपला म्हणून सांगतायत."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बॉटकडून एक कॉल दाजींकडे वळला. बॉट आणि गिऱ्हाईक काय बोलले ते आमच्या स्क्रीनवर लिहून येतं. दाजींनी मोठ्याने वाचलं.

बॉट : नमस्कार! जेवलात काय?
ग्राहक : नाही! नाही! नाही! मला माणसाशी बोलायचंय! कुठलाही माणूस द्या!

"नमस्कार, मी दाजी. आपण कुठून बोलताय?"

"आचऱ्यातून!"

दाजींचा हात माउसवरून सुटला. झोपडीत सगळ्यांनी हेडफोन बाजूला केले. आचऱ्यातून? आज?

"असं कसं होईल?" दाजी म्हणाले. "आज आचऱ्यात माणूस नाही."

"दाजी, मी निखिल! पहाटेपासून गाडी चालवत आंबोलीवरून आलोय. ऑफिसला कुलूप, हॉटेलं बंद, घरं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही! वैनी फोन उचलत नाहीत. इथे झालंय तरी काय?"

माझा फोन जनरेटरजवळ चार्जिंगला होता. म्हणजे बघा, अख्खा गाव देवाच्या हुकमाने बाहेर, आणि आत एकटा कोण? तर पुण्याचा साहेब! दाजी उभे राहिले. आवाज लागला तो थेट स्टँडवरचा.

"इकडे लक्ष द्या! आचऱ्यात उभ्या असलेल्या पुण्याच्या प्रवाशाने आहे त्या गाडीने ताबडतोब वेशीबाहेर यावे! वाटेत कोणत्याही थांब्यावर उतरू नये!"

सर आले तेव्हा घामाने थबथबलेले. निम्मा गाव गोळा झालेला. म्हातारी माणसं कुजबुजत होती, पळण मोडली म्हणून. मी सगळ्यांना मागे सारलं, सरांना पोत्यावर बसवलं आणि केळीच्या पानावर भात आणि बांगड्याचं तिकलं वाढलं. माणूस खाली मान घालून जेवला, दोनदा भात मागून घेतला.

जेवल्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं. पोत्यांवरचे लॅपटॉप, कानाला हेडफोन लावलेल्या बायका. प्रणाली एका हाताने आईला पेज भरवत होती आणि तोंडाने अकोल्याच्या माणसाला गिझरचा स्विच समजावत होती.

"कॉल किती सुटले?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हटलं. "बघा हवं तर."

त्यांनी लॅपटॉपवर बघितलं. परत बघितलं. मग बॅगेतून एक पाकीट काढलं आणि हातातच धरून राहिले. "वैनी, खरं सांगू? तुम्ही संपावर गेलात असं साहेबांना वाटलं. त्यांनी ऑर्डर काढली. ऑफिस बंद. हे द्यायला आलो होतो."

प्रणालीचा चमचा तसाच राहिला. मग माझा मूळ स्वभाव माझ्या मदतीला आला.

"सर, ते राहू दे. आधी देवाचं काम. तुम्ही हद्दीत राहिलात, त्याचं गाऱ्हाणं घालायला हवं. गाव खोळंबलाय. उठा, हात जोडा. दाजी बोलतील. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं की तुम्हीपण म्हणायचं, आणि मोठ्याने. मनापासून म्हटलं नाही तर देव घेत नाही."

सर मुकाट्याने उठले. पाकीट ठेवायला जागा सापडेना, म्हणून ते जोडलेल्या हातांतच धरलं. दाजींनी देवळाच्या दिशेने तोंड केलं, नारळ पुढ्यात ठेवला. गाव मागे उभा.

"बा देवा रामेश्वरा, बारा-पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या हुकमान सगळो गाव गुराढोरांसकट वेशीभायर इलो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो पुण्याचो झील नकळत तुझ्या हद्दीत रवलो. उपाशी होतो, एकटो होतो. तेची चूक पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सरांचा आवाज ऐकू आला.

दाजी थांबले. एक डोळा किंचित उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"आनि म्हाराजा, ह्या पोरींच्या हापिसाक टाळो लावूचो कागद घेवन तो इलो आसा. तर ह्यो टाळो तीनच दिस ऱ्हवांदे! चौथ्या दिसा ह्याच्याच हातान तो उघडांदे! आनि जो कोण हापिस हलवूक बघीत, तेका तूच समज दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अख्ख्या गावाचा आवाज घुमला. पण सगळ्यात वरचा आवाज निखिल सरांचा! डोळे गच्च मिटलेले, पाकीट कपाळाला लावलेलं.

दाजींनी नारळ फोडला. खोबरं वाटायला सुरुवात झाली, तोच सरांचा फोन वाजला. पुण्याचे मोठे साहेब. आवाज एवढा मोठा की आम्हाला इथे ऐकू येत होतं.

"निखिल, दिली का ऑर्डर?"

"नाही सर. एक प्रॉब्लेम झालाय. मी होय म्हणून बसलोय."

"होय? कशाला होय? कुणाला?"

निखिल सरांनी एकदा प्रणालीच्या आईकडे बघितलं, एकदा वेशीकडे. हातातलं खोबरं तोंडात टाकलं आणि म्हणाले,

"सगळं सांगतो सर. आधी सांगा, जेवलात काय?"